तिशी-चाळिशीत दातांना तारा लावताना

लहानपणी घरात कुणी लक्ष दिलं नाही, किंवा तेव्हा परवडलं नाही, आणि आता स्वतःच्या पगारातून पुढचे एकावर एक चढलेले दात सरळ करायचे ठरतात. मोठ्या वयात तारा लावणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते आणि पहिली शंकाही ठरलेली असते: उशीर तर नाही ना झाला?

दात सरकायला वय आड येत नाही. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक आवरण असतं, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं. त्यावर हलका पण सततचा दाब राहिला, की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरत जातं. हे विसाव्या वर्षी होतं तसं साठाव्या वर्षीही होतं. वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. मोठ्या वयात सुरुवात थोडी सावकाश होते, इतकंच.

अडचण दुसरीकडे असते. जबड्याची वाढ संपलेली असते, त्यामुळे मागे राहिलेला खालचा जबडा शाळकरी मुलासारखा वाढीचा फायदा घेऊन पुढे आणता येत नाही. फरक थोडा असेल तर दात सरकवून तो झाकायचा, जास्त असेल तर जबड्याची शस्त्रक्रिया. शिवाय हिरड्या वीस-पंचवीस वर्षं वापरलेल्या असतात. कुठे कॅप बसलेली असते, कुठे रूट कॅनाल झालेलं असतं, एखादी दाढ काढलेली असते. म्हणून मोठ्या माणसाच्या उपचारातलं निम्मं काम तार लागण्याआधीच्या महिना-दोन महिन्यांतच होतं. तिथे घाई केली की पुढे दोन वर्षं निस्तरत बसावं लागतं.

डॉक्टर निवडताना

बीडीएस ही दातांच्या डॉक्टरची मूळ पदवी. त्यानंतर तीन वर्षं फक्त वाकडे दात आणि जबडे हा विषय घेऊन एमडीएस केलेला तो ऑर्थोडॉन्टिस्ट. नेहमीच्या दवाखान्यात बऱ्याचदा हा डॉक्टर महिन्यातून दोन-चार वेळा येऊन जातो. त्यात वाईट काही नाही, पण तीन गोष्टी आधीच विचारून घ्या. नाव आणि पदवी काय? महिन्यात कुठल्या दिवशी येतात? मधल्या काळात तार टोचायला लागली तर कोण बघणार? तिसऱ्या प्रश्नाला ‘फोन करा, बघू’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरा दवाखाना बघा.

खर्चाचा प्रश्न असेल तर दंत महाविद्यालयं आहेत: मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय, गोव्यात बांबोळीचं. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एमडीएस करणारे विद्यार्थी काम करतात. पैसे खाजगीपेक्षा खूपच कमी लागतात, वेळ मात्र जास्त जातो, कारण ओपीडी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात असते. विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यामुळे तो पहिल्या वर्षात असतानाच तुमची केस त्याच्याकडे गेली तर बरं. नाहीतर उपचाराच्या मध्यावर हात बदलतो.

घरच्या घरी दाताचा ठसा घेऊन पाठवायचा आणि कुरिअरने अलायनर (दातांवर चढवायचे पारदर्शक साचे) मागवायचे, हा प्रकार मोठ्या माणसाने तरी टाळावा. ज्याने तुमच्या हिरडीत सळई घालून पाहिली नाही आणि एक्स-रे बघितला नाही, त्याने दात हलवू नयेत.

तार लागण्याआधी

पहिली तपासणी हिरड्यांची. खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत घालून खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ५-६ मिलिमीटर आणि वर रक्त, म्हणजे आत हाड उतरायला लागलेलं आहे. सुजलेल्या हिरडीत दात सरकवला तर तेच हाड झपाट्याने जातं आणि परत येत नाही. अशा वेळी आधी साफसफाई, गरज पडली तर हिरडीखालची खोल सफाई, मग दोन-तीन महिने थांबून पुन्हा मोजणी. हे थांबणं अनेकांना जड जातं. पण जो डॉक्टर रक्त येणाऱ्या हिरड्या बघूनही ‘चला, आजच लावू’ म्हणतो, त्याच्याकडून निघालेलं बरं.

सिगरेट ओढणाऱ्यांची वेगळी गोम आहे. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडी आजारी असूनही रक्त येत नाही आणि सगळं ठीक वाटतं. मशेरी हा तंबाखूच. ती ‘दात घासायला’ वापरतो म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. सुपारी आणि गुटख्याने तोंड उघडणं कमी झालेलं असेल तर मागच्या दाढांपर्यंत डॉक्टरची अवजारं पोचतच नाहीत. यातलं काहीही असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, लपवून फायदा नाही.

औषधांची यादीही न विचारता द्या. मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट) सोबत न्या. साखर ताब्यात नसताना सुरुवात करत नाहीत. रक्तदाबावरची अम्लोडिपिन आणि फिटवरची फेनिटोइन यांनी काहींच्या हिरड्या वाढतात, आणि तारा असताना हा त्रास जास्तच होतो. हाडं ठिसूळ होण्यावर आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर ते सांगायलाच हवं: या औषधांनी दात सरकणं मंदावतं आणि दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. सांधेदुखीसाठी रोज आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत असाल तर त्यानेही गती कमी होते. गोळी स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना कळू द्या.

मग येतात नोंदी. सगळे दात एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे म्हणजे ओपीजी, बाजूने काढलेला चेहऱ्याचा एक्स-रे म्हणजे सेफॅलोग्राम, फोटो, आणि दातांचा ठसा किंवा स्कॅन. गरोदरपण असेल किंवा ठरत असेल तर एक्स-रेच्या आधी बोला. त्या महिन्यांत हिरड्या सहज सुजतात, तेव्हा नवीन सुरुवात पुढे ढकलणं सोयीचं.

रूट कॅनाल झालेला दात सरकतो. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, सरकत नाही, कारण तो थेट हाडाला चिकटलेला असतो. त्यामुळे पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायचा विचार असेल तर आधी तारा, मग इम्प्लांट. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला जोड दात) असेल तर बऱ्याचदा तो मधोमध कापून दात सुटे करावे लागतात, आणि उपचार संपल्यावर नव्या ब्रिजचा खर्च येतो. हा आकडा अंदाजपत्रकात सहसा नसतो.

खरी चर्चा होते ती जागेवरून. दात वेडेवाकडे आहेत म्हणजे हाडाच्या कमानीत जागा कमी आहे. ती कुठून आणायची? पहिला मार्ग, दातांच्या कडा किंचित घासणं. पुढच्या सहा दातांमध्ये पाच सांधे येतात, प्रत्येकी ०.४ मिलिमीटर घासले की २ मिलिमीटर मिळाले. किंचित दाटी असेल तर एवढं पुरतं. दुसरा मार्ग, उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्यामधले दात) काढणं. एका उपदाढेची रुंदी साधारण ७ मिलिमीटर, दोन्ही बाजूंच्या मिळून १४. ओठ मिटत नाहीत इतके दात पुढे असतील तर याला सहसा पर्याय नसतो. महिन्याला १ मिलिमीटर धरलं तर ती फट मिटायला सात-आठ महिने लागणार, म्हणजे एकूण उपचार दीड वर्षावरून दोन-अडीच वर्षांवर जाणार. ‘चांगले दात का काढायचे?’ हा प्रश्न जरूर विचारा, पण उत्तर चेहऱ्याच्या बाजूच्या एक्स-रेवर मोजून दाखवायला सांगा. न काढता केलं तर दात किती पुढे येतील, ते त्यात दिसतं.

पुढचे दात मागे ओढताना दाढा पुढे येऊ नयेत म्हणून कधी कधी हाडात बारीक स्क्रू बसवतात, लांबी ६ ते १० मिलिमीटर. जागा बधिर करून पाच-दहा मिनिटांत बसतो. ऐकायला भीती वाटते, प्रत्यक्षात दात काढण्यापेक्षा सोपं आहे. काही स्क्रू सैल होऊन निघतात. मग शेजारी दुसरा बसवतात.

लग्नाची तारीख ठरलेली असेल तर ती पहिल्याच दिवशी सांगा. सहा महिन्यांत सगळं ‘बसवून’ देतो म्हणणारे भेटतात. सहा महिन्यांत समोरचे दात ओळीत दिसायला लागतात हे खरं, पण मुळं जागेवर आलेली नसतात आणि दाढा जुळलेल्या नसतात. त्यापेक्षा फोटोच्या आठवड्यापुरती तार काढून ठेवणं किंवा पांढऱ्या ब्रॅकेट (दातावर चिकटवायचे, तार धरणारे छोटे तुकडे) निवडणं बरं.

कुठली तार घ्यायची

स्टीलच्या ब्रॅकेट सगळ्यांत मजबूत, स्वस्त आणि कुठल्याही केसला चालणाऱ्या. सिरॅमिकच्या दाताच्या रंगाच्या असतात, पण तार दिसतेच. त्या ठिसूळ असतात. खालच्या पुढच्या दातांवर लावल्या आणि वरचे दात त्यांवर आपटत असतील तर वरचे दात झिजतात. म्हणून वर सिरॅमिक आणि खाली स्टील ही जोडी शहाणपणाची. ब्रॅकेटला बंद होणारं दार असलेल्या सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेटने उपचार लवकर संपतो अशी जाहिरात असते; अभ्यासांत तसा ठोस फरक दिसलेला नाही. घासायला थोड्या सोप्या पडतात, त्यासाठी घ्यायच्या तर घ्या.

आपल्याकडचा खरा शत्रू हळद. तार ब्रॅकेटला बांधणारी पारदर्शक रबरं दोन-तीन जेवणांत पिवळी होतात, आणि पांढऱ्या ब्रॅकेटसाठी मोजलेले जास्तीचे पैसे आमटीत जातात. पारदर्शकऐवजी राखाडी किंवा मोतिया रबर मागा, नाहीतर बारीक स्टीलच्या तारेने बांधून घ्या. रबरं दर भेटीला बदलतात, तेव्हा रविवारी रश्श्याचा बेत असेल तर शनिवारची वेळ घेऊ नका.

दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या तारा बाहेरून दिसत नाहीत. जीभ सोलते आणि स, तसंच ‘चमचा’मधला च, ‘जरा’मधला ज काही आठवडे बोबडे होतात. वकील, शिक्षक, निवेदक यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

अलायनर म्हणजे पारदर्शक काढता येणारे साचे, दर एक-दोन आठवड्यांनी पुढचा. दिवसातून २० ते २२ तास तोंडात हवेत. आता हिशेब करा: दोन जेवणं, नाश्ता आणि ऑफिसातले चार चहा. प्रत्येक चहाला साचा काढायचा, तोंड धुवायचं, परत घालायचा. साचा न काढता चहा प्यायलात तर गरमीने तो वाकतो आणि साखरेचं पाणी दाताला चिकटून राहतं. चहा कमी होणार नसेल तर अलायनर घेऊ नका. तोंडात न घातलेल्या साच्याने दात सरकत नाहीत. शिवाय गोल फिरलेला सुळा किंवा उपदाढ काढून फट मिटवणं ही कामं चिकटवलेल्या तारांनी जास्त नेमकी होतात.

खर्च शहर आणि केसनुसार बदलतो. राज्यातल्या मोठ्या शहरांत खाजगीत स्टीलच्या तारांना साधारण तीस-साठ हजार, सिरॅमिकला त्याहून पंधरा-वीस हजार जास्त, आणि पूर्ण केसचे अलायनर लाखाच्या पुढे, असा अंदाज धरून चाला. आकड्यापेक्षा त्यात काय काय येतं ते लिहून घ्या: एक्स-रे, दात काढणं, स्क्रू, निघालेली ब्रॅकेट परत लावणं आणि शेवटचा रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन). पैसे हप्त्याने देता येतात. सगळे आधी देऊन टाकू नका. नोकरीमुळे शहर किंवा देश बदलण्याची शक्यता असेल तर मध्येच सोडल्यास हिशेब कसा होईल हेही विचारा. जाताना सगळ्या नोंदी, सुरुवातीचे फोटो आणि ब्रॅकेटच्या खाचेचं माप (०.०१८ की ०.०२२ इंच) घेऊन जा, कारण नव्या डॉक्टरच्या तारा त्यावर ठरतात.

तार बसते तो दिवस

मागच्या दाढांना स्टीलच्या पट्ट्या बसवायच्या असतील तर आठवडाभर आधी दाढांच्या मध्ये निळ्या किंवा केशरी रबरी चकत्या घालतात. शेवग्याच्या शेंगेचा चोथा अडकल्यासारखं वाटतं. टूथपिकने उकरू नका. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर एखादी आपोआप पडली तर जागा झालेली असते, फक्त दवाखान्यात कळवा.

त्या दिवशी पोटभर जेवून, नीट घासून जा. संध्याकाळी चावायला नको वाटेल. तास-दीड तास लागतो, इंजेक्शन लागत नाही. गाल बाजूला करायला प्लॅस्टिकची चौकट बसवतात, दात प्युमिसने घासतात, मग प्रत्येक दातावर निळसर जेल. ते ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक ॲसिड. अर्धा मिनिट ठेवून धुतात, वाळवल्यावर दात खडूसारखा पांढरा दिसतो. त्या खरखरीत झालेल्या पृष्ठभागावर चिकट द्रव, त्यावर लुकण लावलेली ब्रॅकेट, मापाने उंची बघून दाबायची, कडेने बाहेर आलेलं लुकण सळईने काढायचं आणि निळ्या दिव्याने पक्कं करायचं. या मधल्या क्षणी दाताला थुंकी लागली तर ब्रॅकेट आठवड्यात निघते, म्हणून ‘थोडा वेळ गिळू नका’ म्हटलं की खरंच गिळू नका. सिरॅमिकच्या कॅपवर हे ॲसिड काम करत नाही, तिथे वेगळी तयारी लागते; कुठल्या दातांवर कॅप आहे ते आठवण करून द्या.

पहिली तार बारीक, ०.०१२ किंवा ०.०१४ इंचाची निकेल-टायटॅनियमची. ती वाकवून बांधली तरी मूळ कमानीच्या आकारात परत जायला बघते, आणि जाताना दात ओढून नेते. निकेलची ॲलर्जी असेल, खोटे दागिने किंवा पट्ट्याच्या बकलने खाज सुटत असेल, तर आधीच सांगा.

वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटत असतील तर दाढांवर निळे किंवा पांढरे उंचवटे चिकटवतात. अचानक तोंड पूर्ण मिटत नाही आणि फक्त दोनच दाढांवर चावलं जातं, त्यामुळे घाबरायला होतं. दोन-तीन आठवड्यांत सवय होते.

खुर्चीवरून उठण्याआधी जीभ आणि बोट शेवटच्या दाढेच्या मागे फिरवा. तारेचं टोक टोचतंय? तिथेच कापून घ्या. मेण, बारीक ब्रश आणि फोन नंबर घेतल्याशिवाय निघू नका.

पहिले दहा दिवस

दुखणं तीन-चार तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त, आणि पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत उतरतं. सतत ठणकत नाही, चावलं की कळ येते. डॉक्टरने सांगितलेली पॅरासिटॅमॉल पुरते. रोज आयब्युप्रोफेन घेण्याची सवय लावू नका.

खायला वरणभात, मुगाची खिचडी, इडली, शिरा, उपमा, दहीभात, पिकलेलं केळं. पोळी-भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून. डोसा मऊ असेल तर. कुरकुरीत कड सोडून द्या.

गालाला आणि ओठाला आतून फोड येतात. मेण लावायची एक पद्धत आहे आणि ती चुकली की मेण दहा मिनिटांत पडतं. आधी टोचणारी ब्रॅकेट कापसाने किंवा टिश्यूने पूर्ण कोरडी करा. मटाराच्या दाण्याएवढं मेण बोटांत मळून गोळी करा, ब्रॅकेटवर दाबून वरच्या-खालच्या कडांत चेपा. गिळलं गेलं तरी काही होत नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार गुळण्या केल्या की फोड लवकर सुकतात.

घासणं

इथे बहुतेकांचं चुकतं. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची पट्टी उरते. ब्रश मधोमध फिरवला तर ब्रॅकेट चकाकते आणि ही पट्टी तशीच राहते. तिथे थर बसून राहिला तर महिन्याभरातही दातावर पांढरा खडूसारखा डाग उमटू शकतो. तार काढल्यावर ब्रॅकेटच्या जागी चौकोनी स्वच्छ दात आणि भोवती पांढरी चौकट, असं दिसतं ते यामुळेच.

ब्रश हिरडीच्या दिशेने तिरपा धरून आधी ब्रॅकेटची वरची बाजू, मग उलट तिरपा धरून खालची, मग चावायचा आणि आतला भाग. फ्लोराइडची साधी पेस्ट, १००० ते १४५० पीपीएम. आकडा ट्यूबवर असतो. लाल दंतमंजन नको, खरखरीत पूड ब्रॅकेटभोवती बसते. मग बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश तारेखालून वरून-खालून घालून दोन ब्रॅकेटमधली जागा काढा. पहिल्यांदा पंधरा मिनिटं लागतात, महिन्याने पाच. रात्रीचं घासणं चुकवू नका, त्यानंतर ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या माउथवॉशने मिनिटभर चूळ, आणि अर्धा तास काही खाणंपिणं नाही. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश वेगळं: ते हिरडी सुजली तर दोन आठवड्यांपुरतं, जास्त वापरलं तर दात तपकिरी पडतात.

दुपारी ऑफिसात घासणं जमत नसेल तर जोरात चार चुळा तरी भरा. पालक-मेथीची पानं आणि रेषाळ आंब्याच्या शिरा तारेवर कशा लटकतात ते आरशात एकदा बघितलंत की चूळ चुकणार नाही.

काय मोडतं, का मोडतं

ब्रॅकेट बहुतेक वेळा खाण्याने निघते. चिक्की, सुपारी, ऊस, नळी फोडणं, मक्याचं कणीस दाताने ओरबाडणं, कडक पेरू, चकली, डिंकाचे लाडू, बर्फ. पेरू-सफरचंद सोडायची गरज नाही, पातळ फोडी करून दाढेने खा. भुईमुगाचे दाणे कुटून घाला. दिवाळीच्या दिवसांत जास्त जपा, तेव्हा फराळही असतो आणि दवाखानेही बंद असतात. पेनचं टोपण चावणं, नखं कुरतडणं, बाटलीचं झाकण दाताने उघडणं हेही त्याच यादीत.

काहीही कडक न खाता एकच ब्रॅकेट पुन्हा पुन्हा निघत असेल तर समोरचा दात तिच्यावर आपटतोय किंवा तिथे कॅप अथवा मोठी फिलिंग आहे. डॉक्टरला चावताना कागदी खूण घेऊन बघायला सांगा, नुसती परत चिकटवून भागणार नाही.

निघालेली ब्रॅकेट तारेवर लोंबकळत असेल तर तशीच राहू द्या, टोचत असेल तर मेण लावा आणि एक-दोन दिवसांत कळवा. महिना तसाच गेला तर तो दात मागे राहतो. बांधणीच्या बारीक तारेचं टोक बाहेर आलं तर पेन्सिलच्या मागच्या खोडरबराने आत ढकला. मोठी तार दाढेमागे सरकून गालात घुसत असेल, मेणाने भागत नसेल आणि रात्र असेल, तर स्पिरिटने पुसलेल्या नेलकटरने टोक कापता येतं. तुकडा घशात जाऊ नये म्हणून जवळ टिश्यू धरा. गिळलेली ब्रॅकेट सहसा शौचावाटे जाते. पण ठसका थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे न जाता सरळ रुग्णालय गाठा.

डोक्याचा किंवा मानेचा एमआरआय निघाला तर तारा आहेत हे तिथे सांगा. स्टीलमुळे आजूबाजूचं चित्र बिघडतं. कधी तार तेवढ्यापुरती काढावी लागते.

मधले महिने

दर चार ते आठ आठवड्यांनी भेट. बारीक तारेवरून जाड, मग चौकोनी, शेवटी ०.०१९ × ०.०२५ इंचाच्या आसपासची स्टीलची. पहिल्या चार-सहा महिन्यांत फरक रोज दिसतो, त्यानंतर काहीच होत नाहीसं वाटतं. तेव्हा मुळं सरळ होत असतात आणि फट मिटत असते, आणि नेमकं याच काळात लोक भेटी चुकवतात.

वरच्या-खालच्या दातांत अडकवायची रबरं दिली तर जेवण आणि घासणं सोडून दिवसभर घालायची आणि रोज नवी. आकार ओळखायला काही पाकिटांवर प्राण्यांची चित्रं असतात. संपताना तेच पाकीट मागा. काल विसरलो म्हणून आज दोन घालू नका. दुप्पट ओढीने वेग वाढत नाही, मुळाला इजा होते. दिवसा काढून फक्त रात्री घातलं तर दात पुढेमागे हलत राहतात आणि महिने वाढतात.

दात किंचित हलतात, ते अपेक्षित आहे. एकच दात खूप हलू लागला, काळसर पडला, किंवा हिरडीतून पू आला तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. मुळाची टोकं थोडी आखूड होणं बऱ्याच जणांत घडतं; ते किती झालंय हे बघायला सहा-बारा महिन्यांनी एक्स-रे काढायला सांगा.

मोठ्या माणसांना आधी कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे काळे त्रिकोण. एकावर एक असलेले दात सरळ झाले की त्यांच्यामधली हिरडी टोकापर्यंत पोचत नाही आणि हिरडीजवळ छोटी काळी फट दिसते. फट नवीन झालेली नसते, आडव्या दातामागे लपलेली असते. कडा घासून दात जवळ आणून किंवा शेवटी थोडं फिलिंग लावून ती कमी करता येते, पूर्ण मिटेलच असं नाही.

तार निघाल्यावर

काढायला अर्धा-पाऊण तास. ब्रॅकेट पकडीने दाबून सोडवतात, लुकण घासून काढतात, दुखत नाही. त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत रिटेनर हातात पडला पाहिजे. दातांभोवतीचे तंतू ताणलेले असतात आणि हिरडीतल्या तंतूंना सावरायला वर्षाच्या आसपास लागतं; तोवर दात जुन्या जागेकडे परत निघायला टपलेले असतात. खालच्या पुढच्या दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवून घ्या, आणि वर काढता-घालता येणारा रिटेनर. पहिले किमान सहा महिने जेवण सोडून दिवसरात्र, नंतर रात्री, आणि ते रात्रीचं घालणं कायमचं.

रिटेनर गार पाण्यात मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्यात तो वाकतो. हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला रिटेनर वेटर उष्ट्याबरोबर नेतो, म्हणून डबी खिशात ठेवा. मागची चिकटवलेली तार एखाद्या दातावरून सुटली तरी बाकी दातांवर टिकून राहते आणि कळत नाही. महिन्यातून एकदा नखाने प्रत्येक दातामागे दाबून बघा, कुठे हलली तर त्याच आठवड्यात जा. काही रात्री चुकल्यावर रिटेनर घट्ट वाटला तर घालत राहा. बसतच नसेल तर जोराने दाबू नका, तो बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा. दात थोडेच हललेले असतील तर नव्या साच्यावर काम भागतं.